तिसऱ्या ओळीची झील

कुकरची शिट्टी बिघडणं ही काही अंगावर काटा यावा अशी बाब नव्हे. पण ताराचंद ठवकर त्या शनिवारी दुपारी घराबाहेर पडले ते कुकरसाठीच, आणि पुढे जे झालं ते त्यापायी झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

सुभद्राबाईंनी कुकर कापडी पिशवीत घालून हातात दिला आणि बजावलं, "रबरही बदलवून आणा जी. अन् महाल बाजारातल्याच माणसाकडे जा. इथला तो नुसता ठोकून देते."

ताराचंद "बरं" म्हणाले. आजकाल ते एवढंच म्हणत.

हा माणूस मुळात असा नव्हता. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होते तेव्हा मशीनच्या गोंगाटातून त्यांची हाक पार गेटवर ऐकू जायची. सोबतचे लोक म्हणायचे, सायरन बंद पडला तर ताराचंदला उभं करा. रिटायर झाले तरी आवाज रिटायर झाला नव्हता. नंदनवनातल्या त्यांच्या घराच्या ओसरीत दर गुरुवारी भजन बसायचं. पुढे श्रीधरभाऊ, म्हणजे कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीचे मालक, आणि त्यांच्या पाठीशी ताराचंद. श्रीधरभाऊ ओळ उचलायचे. ती ओळ संपत आली, त्यांचा श्वास आखूड पडला, की ताराचंद मागून ती अलगद झेलून वर ओढायचे. याला झील म्हणतात. झील ओढणाऱ्याला कोणी हार घालत नाही, पण तो नसला तर पुढचा कितीही गोड गळ्याचा असो, गाणं जमिनीवर येतं. एका हाताने टाळी वाजत नाही, तशातला हा प्रकार.

दोन वर्षांपूर्वी श्रीधरभाऊ गेले. भजन आटोपून घरी गेले, जेवले, झोपले, ते उठलेच नाहीत. भजनी मंडळाने दुसरा माणूस पुढे बसवून पाहिला. त्याने ओळ म्हटली, ताराचंदांनी तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही. डॉक्टरने टॉर्च लावून घसा पाहिला, घसा ठणठणीत. मग मंडळ हळूहळू मोडलं. त्यानंतर ताराचंदांचं बोलणंही आटत गेलं. "हो", "नाही", "बरं". सुभद्राबाई शेजारच्या देवकीला म्हणायच्या, "भिताडासंग संसार करून राहिली मी, बाई." म्हणताना त्या हसायच्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. त्यांना तो आवाज परत हवा होता. नवरा समोर बसलेला आणि तरी घर सुनं, हे दुखणं त्यांनाच ठाऊक.

तर ताराचंद महालात कुकर दुरुस्त करून घेत होते, तेवढ्यात त्यांची मुलगी श्वेता स्कूटी घेऊन तिथे उगवली. श्वेता मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. वडिलांच्या मागे लागण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे.

"बाबा, बसा. एक प्रोग्राम आहे, अजनीले. सहा वाजता सुरू होते, आठच्या आत घरी."

"कायचा?"

"ब्लूज. गिटारवर गातेत. सेसिल डॉसन म्हणून म्हातारे आहेत, अजनीचेच होते पहिले. जिंदगीभर कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवलं त्यांनी. आता बहुतेक शेवटचंच येऊन राहिले."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजाले काय आहे? शेतमजुरांचं गाणं आहे अमेरिकेतल्या. दुःखाचं असते, पण रडत नाही."

दोन वर्षांत बापाने एका दमात इतके शब्द उच्चारले नव्हते, म्हणून श्वेताला तेवढ्यानेही हुरूप आला. ताराचंद कुकर मांडीवर घेऊन मागे बसले. कॉटन मार्केटच्या गर्दीतून, पुलाखालून, ती दोघं अजनीच्या रेल्वे वसाहतीकडे निघाली.

डिसेंबरची संध्याकाळ. नागपूरची थंडी ऊन उतरलं की एकदम अंगाला झोंबते. रेल्वेच्या जुन्या बंगल्यांच्या मागे तो हॉल होता. कौलारू, उंच छताचा, पायाखाली लाकडी फळ्या. आत गेल्याबरोबर पॉलिशचा, ओलीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. एकेकाळी इथे रेल्वेतले अँग्लो-इंडियन लोक नाताळात नाचायचे म्हणे. आता लग्नाच्या जेवणावळी होतात. साठ-सत्तर माणसं जमली होती, बरीचशी श्वेताच्या वयाची. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शाली लपेटून बसलेली. ताराचंदांनी कुकर पायाशी ठेवला आणि स्टेजकडे पाहिलं.

स्टेजवर दोन खुर्च्या होत्या, दोन माइक होते.

सेसिलबाबा एकटेच आले. ऐंशीच्या पुढचे, वाळलेल्या तुरीच्या काडीसारखे, डोक्यावर हॅट. डाव्या हाताच्या करंगळीत त्यांनी काचेचं नळकांडं घातलं होतं. बाटलीची मान कापून घासून केलेलं. डावीकडच्या खुर्चीवर बसून त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि लोकांकडे पाहून हसले.

"नमस्ते. मी इथलाच आहो. वडील माझे इंजिन चालवत होते. या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मले मिशी नव्हती. आता आहे, पण पिकली." लोक हसले. "एक बात सांगतो. ही बाजूची खुर्ची व्हिक्टरची. माझ्यासंग जिंदगीभर वाजवलं त्यानं. दोन ओळी मी म्हणतो, तिसरी त्याची. तो आता गेला. पण तिसऱ्या ओळीच्या जागी मी थांबतो. तिथे टाळी नको. वाहवा नको. खोकला आला तर रुमालात खोका. तेवढी जागा त्याची राहू द्या."

समोरच्या रांगेतल्या एका बाईने डोळे टिपले. श्वेताने बापाचा हात दाबला. मग सेसिलबाबांनी काचेचं नळकांडं तारेवर टेकवलं आणि सरकवलं.

तो आवाज ताराचंदांनी कधी ऐकला नव्हता. सूर एका जागी उभा राहत नव्हता, घसरत होता, घसरताना कण्हत होता. त्यावर म्हाताऱ्याचा घोगरा आवाज चढला. शब्द इंग्रजी. एक ओळ. तीच ओळ पुन्हा, जरा वेगळ्या जागी जोर देऊन. आणि मग थांबणं.

हॉल गप्प झाला. वरच्या पंख्याचा लांब दांडा मंद कुरकुरत होता. यार्डात कुठेतरी डबे एकमेकांना लागल्याचा आवाज झाला. सेसिलबाबा मान किंचित कलती करून बसले होते. मग त्यांनी मान हलवली आणि पुढचं कडवं घेतलं.

पहिलं गाणं संपलं तेव्हा लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. म्हातारा खाली मान घालून खुंट्या पिळत राहिला. कडेला उभ्या असलेल्या आयोजकाने हात हलवून खूण केली, तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं, लोकांचे हात पाहिले आणि वाकून नमस्कार केला. वय झालं, कान गेले असतील, असं ताराचंदांच्या मनात आलं.

दुसऱ्या गाण्यात मात्र ते अस्वस्थ झाले.

झील ओढणाऱ्याचं सगळं आयुष्य पुढच्याच्या श्वासाकडे कान लावून जातं. कोण कुठे थांबतो, कशाला थांबतो, हे त्याला न सांगता कळतं. ठेक्यात मोजून थांबणारा माणूस दर वेळी तेवढाच थांबतो. सेसिलबाबा तसे थांबत नव्हते. एकदा आखूड, एकदा लांब. एकदा मधेच भुवया उडवल्या. एकदा तर ते हसले, समोरच्याने मुद्दाम खोडी काढावी आणि आपण 'असं होय' म्हणावं, तसं. आणि दर वेळी नेमक्या त्या क्षणी पुढचं कडवं उचलत, ज्या क्षणी दुसऱ्याचं संपलेलं असतं.

"पोरी," ताराचंद कुजबुजले, "हा थांबून नाही राहिला. हा ऐकून राहिला."

"स्टाईल असते बाबा ती."

"मी मागचा माणूस आहो. मले समजते."

श्वेताने त्यांच्याकडे पाहिलं. बापाच्या चेहऱ्यावर भीती होती की भूक, तिला कळेना. खरं सांगायचं तर दोन्ही होतं. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहताना ताराचंदांना हेवा वाटत होता. याचा माणूस गेला, आणि तरी याला साथ मिळते आहे. आपल्याला का नाही?

मग वास आला. कोळशाच्या धुराचा. आधी वाटलं, बाहेर कोणी शेकोटी पेटवली असेल. पण हा लाकडाचा धूर नव्हता. इंजिनाचा होता, तेलकट, घशात बसणारा. लहानपणी मूर्तिजापूरच्या स्टेशनावर तो त्यांनी पोटभर खाल्लेला. नागपुरातून कोळशाचं इंजिन जाऊन जमाना झाला. ताराचंदांनी आजूबाजूला पाहिलं. नाकाला रुमाल कोणीच लावला नव्हता.

चौथं गाणं संथ होतं. सेसिलबाबांनी ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. थांबले.

आणि या खेपेला त्या थांबण्यात काहीच नव्हतं.

ताराचंदांना ते लगेच कळलं. आधीची शांतता कोणीतरी बसलेल्या खोलीतली होती, ही रिकाम्या खोलीतली. सेसिलबाबांची मान कलती होती तशीच राहिली. बोटं तारांवर थबकली. त्यांनी बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं. मग तीच ओळ पुन्हा म्हटली, दोनदा, आवाज थोडा फाटला. थांबले. काही नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गर्दीत हात सुटलेल्या लेकरासारखा तो स्टेजवर इकडेतिकडे बघू लागला. लोकांना वाटलं, हाही गाण्याचाच भाग आहे. सगळे श्वास रोखून बसले होते.

ताराचंदांना मात्र ते पाहवेना. ओळ लोंबकळत होती. कोणाची का असेना, भाषा कुठली का असेना, पुढच्याने टाकलेली ओळ मागच्याने जमिनीवर पडू द्यायची नसते. तीस वर्षांत ही गोष्ट त्यांच्या हाडात मुरली होती. म्हाताऱ्याने बजावलेलं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. तोंड आपोआप उघडलं, आणि दोन वर्षं गाडून पडलेला तो आवाज पोटातून वर आला, ओळीच्या शेवटाला लागला आणि ती ओढत ओढत छतापर्यंत घेऊन गेला.

सगळ्या माना मागे वळल्या. सेसिलबाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की कोणी हूं की चूं केलं नाही. ते पुढचं कडवं म्हणू लागले, थांबले, आणि ताराचंदांनी पुन्हा झील ओढली. पुन्हा. शेवटपर्यंत. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि श्वेता हुंदके देऊन रडत होती.

"बाबा... आवाज आला तुमचा! अन् ते शब्द कुठून आणले जी तुम्ही?"

"कायचे शब्द? मी नुसता आ लावला."

"आ नाही बाबा. इंग्लिशमध्ये होतं. ते म्हणत होते, सिग्नल पडला अन् गाडी आली नाही. तर तुम्ही म्हटलं, मंग मीच रुळावरून चालत निघालो तुझ्याकडे. सगळ्यांनी ऐकलं."

ताराचंद हसायला गेले, पण ओठ थंड पडले होते. इंग्रजी त्यांना मशीनवरच्या पाट्यांपुरतं येत होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर श्वेता स्कूटी काढायला गेली, ती मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात अडकली. ताराचंद कुकर घेऊन व्हरांड्यात उभे होते. तिथे वेताच्या खुर्चीवर सेसिलबाबा बसले होते, हातात चहाचा कप. त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. जवळ गेल्यावर म्हाताऱ्याने त्यांच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहिलं.

"झीलकरी आहेत तुम्ही?"

"होतो," ताराचंद म्हणाले. "माफ करजा. तुम्ही सांगतलं होतं, मधे बोलू नका म्हणून. राहवलं नाही मले."

"हळू बोला. तोंड नीट उघडून. मी ओठ पाहून समजतो."

"ऐकू नाही येत तुम्हाले?"

सेसिलबाबांनी चहाचा घोट घेतला. यार्डातून एक मालगाडी निघाली होती, तिचा खडखडाट व्हरांड्याच्या काचांतून थरथरत गेला. म्हाताऱ्याने तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"व्हिक्टर गेला, त्याच्यानंतर पहिल्यांदा वाजवाले बसलो तर आदतीनं थांबलो. अन् त्यानं तिसरी ओळ म्हटली. तिथूनच, खुर्चीतून. मी किती खुश झालो काय सांगू! मंग रोज वाजवत गेलो. मी बोलवू, तो येई. पुढं पुढं तोच बोलवू लागला. घरी. दिवे लागाच्या वक्ती. दोन ओळी म्हणे अन् थांबे... मी ओ दिली. काहून नाही देणार? दोस्त होता."

"मंग?"

"मंग बायकोचा आवाज बारीक झाला. वाटलं, सर्दी झाली तिले. मंग पोरीचा. बोलत होत्या, ओठ हलत होते. दारावरची घंटा, रस्ता, पाऊस, एकेक करून सगळं बंद झालं. डॉक्टर म्हणे, कान चांगले आहेत." म्हातारा शांतपणे बोलत होता, हवापाण्याची चौकशी करावी तसं. "ऐकू येत होता तो फक्त व्हिक्टर. जित्या माणसाचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नाही."

ताराचंदांनी पिशवी छातीशी धरली. "पण बाबा... माझी झील तर तुम्ही ऐकली. तिच्यावर तुम्ही पुढचं कडवं घेतलं."

"हो," सेसिलबाबा म्हणाले. "ऐकली."

कोळशाचा वास पुन्हा आला आणि गेला.

"तो आज खुर्चीत नव्हता," म्हातारा मग फार हळू म्हणाला. "तुमच्यात येऊन बसला थोडा वेळ. त्याले तुमचा रस्ता समजला, म्हणजे तिकडच्या बाकीच्यांनाही समजला असेल. तुमचा पुढचा... आहे का?"

"नाही. वारला."

"तर बोलवीन तो. दोन ओळी म्हणून तोही थांबीन. माझं कोणी उरलं नाही आता, मले चालते. तुमच्या घरी माणसं आहेत. ओ नका देऊ बाबू. कितीही वाटलं तरी... ओ नका देऊ."

ताराचंदांची आई सांगायची, दिवेलागणीला नावाने हाक आली तर लगेच ओ देऊ नये. ते त्यांनी आजवर बायकांच्या गोष्टींत जमा केलं होतं. फाटकातून श्वेताचा हॉर्न वाजला तेव्हा ते इतके दचकले की कुकरचं झाकण पिशवीत खणाणलं. पण हॉर्न ऐकू आला, म्हणून बरंही वाटलं.

घरी श्वेताने सगळा प्रकार आईला तिखटमीठ लावून सांगितला. सुभद्राबाईंचा विश्वास बसेना. "एक डाव म्हणून दाखवा जी," त्या म्हणाल्या. ताराचंदांनी जुन्या भजनाची झील ओढली. आवाज आला. खणखणीत, पहिल्यासारखा. सुभद्राबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि त्या दिवशी कुकर नवीन शिट्टीवर तीनदा वाजला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढचे चार-पाच दिवस त्या घरात सण होता म्हणा ना. ताराचंद आंघोळ करताना गात, भाजी निवडताना गात, बायकोशी तर इतकं बोलत की ती म्हणे, "दोन वर्षांचं एकदमच उकरून काढून राहिले का काय!" तिचं ते लटकं वैतागणं ऐकायला ते मुद्दाम जास्त बोलत. प्रत्येक भांड्याचा, चपलेचा, दाराच्या कडीचा आवाज ते कान देऊन ऐकत आणि मनात हुश्श करत. व्हरांड्यातलं बोलणं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. इतक्या दिवसांनी बायको हसते आहे, तिला कशाला घाबरवायचं? हाक आली तर आपल्यालाच येणार. आपण तोंड बंद ठेवलं की झालं.

मंडळाच्या लोकांना बातमी लागलीच. गुरुवारी बसायचं ठरलं. पुढे कोण बसेल ते बसल्यावर पाहू, म्हणाले.

गुरुवारी ताराचंदांनी ओसरी झाडली, सतरंजी अंथरली, टाळ पुसून ठेवले. लोक यायला अजून अवकाश होता. सूर्य बुडाला होता, रस्त्यावरचे दिवे नुकते लागले होते. आत सुभद्राबाई पोळ्या लाटत होत्या. पोळपाटावर लाटणं फिरल्याचा, मधेच बांगड्यांचा आवाज येत होता. ताराचंद आपल्या नेहमीच्या जागी, सतरंजीच्या मागच्या कडेला, भिंतीला टेकून बसले.

पिठाचा वास आला. चक्कीतल्या गरम, नुकत्या दळलेल्या पिठाचा.

आणि पुढच्या मोकळ्या सतरंजीवरून श्रीधरभाऊंनी ओळ उचलली.

"दारी ठेविला दिवा देवा... पाऊल वाजू दे..."

तोच आवाज. 'पाऊल'वर किंचित अडखळणारा, पानाने थोडा जाड झालेला. ताराचंदांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. ज्या आवाजासाठी दोन वर्षं जीव तुटला, तो हातभर अंतरावर होता. सतरंजी रिकामी होती. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

ओळ पुन्हा आली. या वेळी अधिक लाडात, पाठीमागच्याला गमतीने चिमटा काढावा तशी. शेवटाला श्वास आखूड पडला... आणि आवाज थांबला.

ताराचंदांचं सगळं अंग त्या शेवटाकडे ओढलं गेलं. घसा आतून फुगला. त्यांनी दोन्ही हातांनी पंचा दाबून धरला, डोळे गच्च मिटले आणि आतून येणाऱ्या लाटण्याच्या आवाजाकडे कान लावला. ते लाटणं त्यांना सोडायचं नव्हतं. श्रीधर, माफ कर गा, ते मनातल्या मनात म्हणत होते. माफ कर. माझं माणूस आहे घरात.

लाटणं थांबलं.

आणि आतून झील आली.

बारीक, बाईच्या आवाजातली, पण जागा अगदी चोख. तीस वर्षं दर गुरुवारी दाराआड उभं राहून ऐकलेली. शेवटाला अलगद लागून ती वर वर चढत गेली आणि जिथे ताराचंद सोडायचे तिथेच सुटली. ओसरीत श्रीधरभाऊ समाधानाने "हां" म्हणाले.

ताराचंद कसेबसे उठले. सुभद्राबाई दारात आल्या होत्या, हात पिठाने भरलेले, गाल लाजेने तांबडे. कितीतरी वर्षांत त्या इतक्या सुंदर दिसल्या नव्हत्या.

"काहून जी, गप काहून बसले? श्रीधरभाऊजी थांबून राहिले होते नं तिकडं. मंग मीच ओढली."

"सुभद्रा!" ताराचंद ओरडले. कारखान्याच्या गेटवर ऐकू जायचा तो आवाज. शेजारची देवकी घाबरून कुंपणाशी धावत आली, समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "सुभद्रा, अवं, ओ नको देऊ त्याले! माझ्याकडे पाह्य... सुभद्रा!"

सुभद्राबाई त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या, तोंडावर तेच हसू घेऊन. मग पिठाचे हात पदराला पुसत एक पाऊल पुढे आल्या.

"मोठ्यानं बोला नं जी," त्या म्हणाल्या. "नुसते ओठ काहून हलवून राहिले?"